पाचव्या नंबराचं प्लॅनिंग

५ मे २०२४, रविवार

क्लबची वार्षिक सभा. मेहरूण यंग बॉईज फुटबॉल लीगच्या दहा संघांत पाचवे. गेल्या वर्षी सहावे, त्याआधी पाचवे, त्याआधी परत सहावे. अध्यक्ष चुडामणनाना म्हणाले, चला, इज्जत राहिली. माझं डोकंच फिरलं. उठलो आणि सांगून टाकलं की पुढच्या सीझनला पहिल्या चारात आलो नाही तर हा रुपचंद सेक्रेटरीपद सोडेल. टाळ्या पडल्या.

घरी सुनिताला सांगितलं. ती म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. बायको असून असं बोलते.

खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मलाही वाटलं, जरा जास्तच बोललो. एसटीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. स्टँडवर बत्तीस वर्षं माईक माझ्या हातात होता, आता घरात रिमोटसुद्धा नाही. क्लबच्या बोर्डावर नाव आहे तेवढंच. ते पुसलं तर सकाळी उठून जायचं कुठं?

६ मे

मोबाईलवर दिवसभर व्हिडिओ पाहिले. इंग्लंडमधले मधल्या नंबरचे क्लब वर कसे येतात. मोठे स्टार घेतच नाहीत. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा खेळाडू स्वस्तात उचलायचा, भाव आला की विकायचा, आणि सगळं डेटा बघून. म्हणजे काय, वेळापत्रकच की! कुठली गाडी कधी सोडायची आणि कुठली रद्द करायची. हे मी बत्तीस वर्षं केलंय. फक्त गोरे लोक त्याला रिक्रूटमेंट म्हणतात.

लेक पुनमने नाशिकहून व्हिडिओ कॉलवर एक्सेल शिकवलं. पोरगी तीनदा हसली. हसू दे.

१० मे, शुक्रवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया

आज स्काउटिंग. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. खेळाडू: बादल, वय एकोणीस.

शोध माझाच. मागच्या महिन्यात स्टँडवर सहज बसलो होतो. याची चोपडा गाडी सुटली. पठ्ठ्या खांद्यावर मोहाचं गाठोडं घेऊन पळाला आणि सिग्नलला गाडी गाठली. घड्याळ लावलं होतं मी. तीन मिनिटं दहा सेकंद, आणि धाप नाही. कंडक्टरकडून गाव कळलं. आश्रमशाळेत फुटबॉल खेळलाय म्हणे.

गावात पोचलो तर सगळे पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसलेले. आखाजी म्हटल्यावर दुसरं काय. बादलची आई गेंदा, बाई कडक. पुरणपोळी-रस वाढला आणि मग मुद्द्यावर आली. असोद्याला केळीच्या गोडाऊनवर काम, मेहरूणला खोली, रविवारी मॅच, एवढं तिला पटलं. मग पाच माणसं बोलावून त्यांच्यासमोर म्हणाली, आम्हनं साल आखाजी ते आखाजी शे. मी म्हटलं, चालेल. इथं वर्षाच्या बोलीवर सालदार ठेवायची हीच रीत.

एसटीत बसल्या बसल्या एक्सेलमध्ये भरलं: बादल, करार संपण्याची तारीख १० मे २०२५. लीग संपते ४ मेला. सहा दिवस हातात राखून. याला म्हणतात प्लॅनिंग.

२ जून

आज धाडसी निर्णय. रेहान विकला.

रेहान आमचा सेंटर फॉरवर्ड, गेल्या सीझनला चौदा गोल. पण वय सव्वीस. एक्सेल सांगतं की याचा भाव आत्ता सगळ्यात वर आहे, पुढे उतरणार. हुशार क्लब अशाच वेळी विकतात. धुळ्याच्या पांझरा क्लबने घेतला. बिचारे गेल्या वर्षी सातवे होते. बदल्यात बारा नवे बॉल, दोन जाळ्या आणि चुन्याच्या रेषा मारायची गाडी. रेहानलाही तिकडे शाळेत खेळाच्या तासाचं काम मिळालं. सगळ्यांचा फायदा.

रेहान हा आमचे कोच इसाकभाई यांचा मुलगा. त्यामुळे त्यांना दुकानात जाऊन स्वतः सांगितलं. ते शाळेचे युनिफॉर्म शिवतात. म्हणाले, रुपचंदभाऊ, एकदा विचारायचं तरी. मी एक्सेल दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, टेप गळ्यातून उतरवून गुंडाळली आणि म्हणाले, कापड कापायच्या आधी दोनदा मोजतात. टेलर माणूस, नजर कापडाबाहेर जात नाही.

धुळ्याचे सेक्रेटरी मोतीलालशेठ यांना माझी पूर्ण फाईल मेल करून टाकली. आपण कुणाशी व्यवहार केला ते कळू दे त्यांना.

२८ जुलै

एरंडोलचा भिकन घेतला. सहा फूट एक इंच. ट्रायलला बाराच्या बारा हेडर जिंकले. घरचं प्रसादाचं दुकान आहे पद्मालयाच्या गणपतीसमोर. धार्मिक कुटुंब, म्हणजे शिस्त आलीच.

संकल्प: रोज पहाटे ग्राउंडवर चालायचं. सेक्रेटरी फिट तर क्लब फिट.

२९ जुलै

पाऊस होता. गुडघाही धरला होता.

१५ डिसेंबर, रविवार

सीझन सुरू. पहिली मॅच, ०-३. निकालाकडे बघायचं नसतं, प्रोसेसकडे बघायचं असतं. बादलला नवे बूट दिले होते, तो त्यात बदकासारखा चालत होता. साईज मी उंचीवरून काढली होती. फॉर्म्युला इंटरनेटवरचा, चूक त्यांची.

इसाकभाई माझ्याशी बोलत नाहीत. टीम चिठ्ठीवर लिहून देतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

३-१!!! बादलचे दोन! बूट इसाकभाईंनी बदलून आणले म्हणे. मला न विचारता. असो.

१९ जानेवारी

चौथे! टेबलमध्ये चौथे! पेपरवाले कधीही येतील म्हणून फोटो काढून ठेवला, हात घडी घालून, मागे फळा. सुनिताने काढला. माझं डोकं कापलं गेलं त्यात. परत काढ म्हटलं तर म्हणाली, डोकं चालतंय तोवर फोटोची काय घाई. कौतुक की टोमणा, कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भिकन आला नाही. फोन केला तर मागे घंटा वाजतेय, गर्दीचा गोंगाट. म्हणाला, भाऊ, आज संकष्टी, दुकान सोडून कसा येऊ, घेताना विचारलं असतं तर सांगितलं असतं. १-४. चारही गोल हेडरने.

सुनिताने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्यात प्रत्येक चौकोनात तिथी छापलेली असते. म्हणाली, इंग्लंडवरून क्लब चालवायचा, तर खेळाडूही तिकडचेच आणायचे. मी ऐकून घेतलं. बाईमाणसाला डेटातलं काय कळतं.

२३ मार्च

सहावे. चुडामणनानांनी रस्त्यात गाठलं. म्हणाले, रुपचंद, तुझी ती सभेतली शपथ लक्षात आहे ना? मी म्हटलं, नाना, सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय. घरी येऊन पॉइंट पुन्हा मोजले. शपथ घेताना थोडं मोघम बोलायला पाहिजे होतं. पहिल्या चारात म्हणालो, पहिल्या सहात म्हणालो असतो तर कोण अडवणार होतं?

२० एप्रिल, रविवार

बादलचा एक, जिंकलो. पाचवे, चौथ्यापेक्षा एकच पॉइंट कमी! शेवटची मॅच ४ मेला मेहरूणवर, पांझराविरुद्ध. जिंकली की चौथे. पांझरा सध्या तिसरे आहेत, रेहानचे सोळा गोल. योगायोग असतात.

सुनिता म्हणाली, आखाजी तीस तारखेला आहे, पुनम येतेय, आंबे आणा. मी म्हटलं, आखाजी दहा मेला. ती म्हणाली, ती गेल्या वर्षीची. मला मॅचचं टेन्शन, हिला आंब्यांचं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

बादल गेला.

सकाळी खोलीवर गेलो तर कुलूप नाही, आत झाडून काढलेलं, बूट धुऊन उन्हात ठेवलेले. शेजारीण म्हणाली, गाठोडं घेऊन पहिल्या गाडीने गेला, साल भरलं म्हणाला. तिथंच ओट्यावर बसलो. आखाजी ते आखाजी. पाच माणसांसमोर मीच चालेल म्हणालो होतो. आखाजी यंदा दहा दिवस अलीकडे आली आणि मी तारीख भरून ठेवलेली.

चोपडा गाडी पकडली. उभ्याने गेलो.

गेंदाबाईंच्या दारात जीप. एमएच १८. धुळ्याची! आत मोतीलालशेठ मांडी घालून रस-पोळी खातायत. येताना सांजोऱ्यांचा डबा आणि बादलच्या मापाचे बूट घेऊन आलेले. नवं साल ठरलं होतं, पाच माणसं पुन्हा बसलेली होती.

मी गेंदाबाईंना मोबाईलवर एक्सेल दाखवलं. हे बघा, दहा मे लिहिलंय. तिने नीट पाहिलं आणि विचारलं, यामा चांद शे का? नाही म्हटलं. मग चार दिवसांसाठी तरी पाठवा म्हणून हात जोडले. होय, जोडले. ती म्हणाली, बोलनं ते बोलनं, भाऊ. जेवी घ्या. बादल खाली बघत होता. त्याच्यावर चिडावं तर चिडता येईना.

मोतीलालशेठ बाहेर सोडायला आले. म्हणाले, तुमची फाईल फार कामाची निघाली, भाऊ. कुणाचा करार कधी संपतो ते सगळं होतं तीत. मी फक्त तिथी टाकली.

शेवटच्या मॅचआधी खेळाडू बदलू नये असा लीगचा नियम पाहिजे होता. गेल्या वर्षी नियमावली टाईप करायचं काम माझ्याकडेच होतं. ते कलम राहून गेलं.

४ मे, रविवार

०-३. रेहान दोन, बादल एक.

भिकन आला होता, त्याची चूक नाही. कुणाचीच नाही असं आज लिहितोय, कारण कुणाचं नाव लिहायला पेन चालत नाहीये. पांझरा दुसरे. आम्ही सहावे.

मॅच संपल्यावर रेहान आधी अब्बूंच्या गळ्यात पडला. इसाकभाई रडत होते, हरले म्हणून की पोरगा जिंकला म्हणून, विचारायची हिंमत झाली नाही. मग रेहान माझ्याकडे आला. म्हणाला, चाचा, गुडघा कसा आहे? शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१० मे

राजीनामा लिहिला. तीनदा लिहिला, शेवटचा चांगला झाला आहे. उद्या सभा. विचार केला आहे. सभासद आग्रह करतील. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही, पण आवाज जरा मऊ करायचा. तिसऱ्यांदा म्हणायचं, तुमच्या शब्दाबाहेर नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं, तर सुनिताने आतून येऊन इस्त्री केलेला शर्ट खुंटीला अडकवला. एरवी टोमणा मारते.

११ मे, रविवार

राजीनामा वाचला. नानांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? पंखा गरगरत होता. मी नाही म्हणायच्या तयारीत उभा होतो. भिकन काहीतरी बोलेल असं वाटलं, त्याने तोंड उघडलंही, पण ती जांभई होती. नाना म्हणाले, मंजूर, पुढचा विषय.

पुढचा विषय नवीन सेक्रेटरी. इसाकभाई. ते नको नको म्हणत होते. सगळ्यांनी आग्रह केला. तीनदा.

मी बसून राहिलो शेवटपर्यंत. मध्येच उठलो असतो तर वाईट दिसलं असतं.

१२ मे

पहाटे जाग आली. कपडे घातले, दारापर्यंत गेलो. परत येऊन बसलो. सुनिताने चहा ठेवला पुढ्यात. फार रडू आलं. लिहायला नको, पण इथं कोण वाचतंय.

मोतीलालशेठना फोन केला. म्हटलं, तुमच्या क्लबला प्लॅनिंगसाठी अनुभवी माणूस लागत असेल. ते म्हणाले, रेहान बघतो ते सगळं, पोरगा लई व्यवस्थित आहे.

१४ मे, बुधवार

इसाकभाई आले. क्लबच्या खोलीची किल्ली आणि शिक्का न्यायला. जूननंतर पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं त्यांनी. किल्ली दिली. शिक्का देताना शाईचा डबा सापडेना, दोघं मिळून शोधला, पलंगाखाली निघाला.

चहा घेताना म्हणाले, अब क्या करोगे, रुपचंदभाऊ? मी म्हटलं, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. त्यांनी मान हलवली. बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, गोलमागे तलाव आहे, बॉल सारखे पाण्यात जातात, प्रॅक्टिसला तिथं कुणीतरी उभं राहायला पाहिजे.

म्हणजे बॉल काढायला. मी, बत्तीस वर्षं माईकवर बोललेला माणूस. त्यांना स्पष्ट सांगितलं, बघतो, वेळ जुळली तर. आणि किती वाजता, ते आपलं सहज विचारलं.

रविवारी सकाळी साडेपाच म्हणाले.

पाचला जाईन.