भुजंगप्रयातात मोजलेली पावलं

व्याहीबुवांना, मान खाली घालून नमस्कार.

टिक् टाक् टाक्, टिक् टाक् टाक्. साठ वर्षं लोटली, पण आमच्या गुरुजींची लाकडी पट्टी बाकावर अजून वाजते आहे. लघु अक्षराला नुसती टेकायची, गुरूला दणका! कवितेचं ते भुजंगप्रयात वृत्त आमच्या कानांतून असं शिरलं ते थेट पायांत उतरलं. तुम्ही म्हणाल, डोळ्याची चौकशी सोडून हा माणूस पट्टी काय वाजवत बसलाय? तर, डोळा कसा आहे? पाणी येतं का? थेंब वेळेवर पडतात ना? डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत तुम्हाला वाचायला बंदी, म्हणजे हे पत्र आमची लेक, तुमची सून, वाचून दाखवत असणार. (पोरी, कंसातलं मनातल्या मनात वाच. सासऱ्यांच्या हातात गरम चहा असेल तर आधी काढून घे.)

इकडे सर्व ठीक. तुमच्या विहीणबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच. (हेही वाचू नकोस.) हवा चांगली आहे. हवा चांगली होती हेच सगळ्याचं मूळ.

आता तुमच्या त्या रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरकडे येतो. (इथे जरा खोक.) जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या हातांनी तुम्ही ते चार वर्षं खपून बांधलंत. पंखातली एकेक काडी नखाएवढी पातळ. ऑपरेशनआधी माझ्या स्वाधीन करताना म्हणालात, "हात कापायला लागलेत व्याही, आता दुसरं होणे नाही." आणि मी म्हणालो, "काळजीच सोडा." हे दोन शब्द गेले तीन दिवस माझा पिच्छा सोडत नाहीत. शिवाय तुम्ही दिलदार! एखाद्या शांत सकाळी उडवा म्हणालात, बसून बसून पंख आखडतील. अट एकच. ग्लायडर गवतावर ठेवायचं, रिमोटची एरियल मिटवायची, पन्नास पावलं लांब जायचं आणि रिमोटवरची दिशेची दांडी हलवायची. शेपूट हललं तर सिग्नल चोख. "पन्नास म्हणजे पन्नास," तुम्ही बजावलंत, "एकोणपन्नास नाही."

रविवारी सकाळी मी आणि सौभाग्यवती टेकडीमागच्या मैदानात गेलो. आकडे मोजताना माझं लक्ष उडतं हे तुम्ही जाणता. (गेल्या खेपेला तुमच्या चहात सहा चमचे साखर पडली ती अशीच.) म्हणून मी पावलं कवितेत मोजली. भुजंगप्रयाताच्या एका ओळीत बारा अक्षरं, चार ओळींची अठ्ठेचाळीस, वर दोन पावलं गुरुजींना दक्षिणा. झाली पन्नास! चौथीत असताना कागदी विमानावर केलेलं माझंच कडवं म्हणत निघालो. "हवेला तुझा भार नाही जराही..." (याच ओळीसाठी पट्टी बाकाऐवजी माझ्या बोटांवर वाजली होती.) कडवं संपलं, दक्षिणा दिली, दांडी हलवली, शेपूट हललं. तिथूनच तुम्हाला फोन केला, आठवतं? "पन्नास पावलं, सिग्नल उत्तम!" तुम्ही किती खूश झालात.

मग एरियल लांब केली, ग्लायडर सोडलं. व्याहीबुवा, काय उडालं म्हणून सांगू! आवाज नाही, धडपड नाही. एका संथ वळणावर उन्हात पंख असे चमकले की माझे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी मी दुसरं कडवं सुरू केलं. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ते ऐकत नाहीये."

मी दांडी डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, रिमोट डोक्यावर धरून नाचलो. ग्लायडर सरळ टेकडीकडे.

"चाळीस वर्षं मी बोलतेय," त्या म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठे ऐकू जातं? आज कळलं ना कसं वाटतं ते?"

ते टेकडीपलीकडे दिसेनासं झालं. दोन दिवस काट्याकुट्यांतून हिंडलो, पण सापडलं नाही. दोष अर्थात त्या नव्या मोबाइल टॉवरचा. तिथल्या लहरींपुढे तुमच्या माझ्यासारख्या साध्या माणसांच्या लहरींचं काय चालणार? क्षमा असावी.

आपला,
व्याही

ता. क. टॉवरचं वाक्य खोडावं. काल घरात फरशीवर खडूच्या रेघा मारून तेच कडवं म्हणत चाललो. पट्टीची सवय! पाऊल फक्त गुरूला पडतं, लघूला हवेतच राहतं. ओळीत गुरू आठ. चार ओळींची बत्तीस, दक्षिणा दोन. चौतीस, व्याहीबुवा. तुम्ही सांगितलेल्या पन्नासांतली सोळा पावलं मी नुसती उच्चारली. चाललो असतो तर शेपूट हललं नसतं, आणि मी ग्लायडर उडवलंच नसतं.

आणखी ता. क. (हे फक्त पोरीसाठी. पंखाखाली तुमच्या घरचा पत्ता चिकटवलेला आहे, हे मला आज आठवलं. कुणी भला माणूस घेऊन आला तर ते गुपचूप पलंगाखाली ढकल आणि मला कळव. वरचा ता. क.ही वाचू नकोस. टॉवरच राहू दे.)

आणखी एक. बेल वाजली म्हणून दाराच्या भोकातून पाहिलं. व्याहीबुवा, दारात तुम्ही उभे आहात! काळा चष्मा, दोन पायांत दोन जातीच्या चपला, काखेत ग्लायडर, त्याचा डावा पंख लोंबतोय. टेकडीखालच्या दूधवाल्याने आणून दिलं, असं दाराबाहेरूनच सांगताय. "व्याही, लपू नका हो! तुम्ही तर पन्नास पावलं चालून पाहिलं होतंत. म्हणजे आतली तार मीच कच्ची जोडली. हातांनी दगा दिला. माफ करा, तुम्हाला उन्हातान्हात हिंडायला लावलं. आता यापुढे हत्याराला शिवायचं नाही असं ठरवलंय."

तुम्ही माझी माफी मागताय.

पत्र पाकिटात घालत नाही. एकच शब्द सांगायचा आहे, चौतीस, आणि तो तुमच्या तोंडावर सांगायला हवा. उठतो.