बाबांचे बूट

हाउन्सलो,
९ सप्टेंबर २०२५

चि. श्रीनिवास यास,

अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले, मनातून अजिबात निघत नाहीयेत. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. आम्ही ठीक. तुझ्या भाचीची, सियाची शाळा सुरू झाली. झालं, खुशाली संपली.

कौन्सिलच्या सोशल वर्कर बाईला तू लिहिलंस म्हणे, की माझी बहीण वडिलांना सांभाळायला लायक नाही, त्यांना केअर होममध्ये हलवा. वा रे वा! सहा वर्षं बाबा माझ्या घरात आहेत. त्यांची शुगर, त्यांचं इन्सुलिन, दिवसातून चारदा "आज वार कोणता गं?" हे सगळं मी बघते. तू बर्मिंगहॅमहून दिवाळीला येतोस, चकल्या खातोस आणि जातोस.

आणि ग्रीसची ट्रिप कोणाच्या डोक्यातून निघाली? बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला समुद्राकाठचं देऊळ दाखवायचं, तेही जुलैच्या भर दुपारी! सुनिओनच्या त्या टेकडीवर ना झाड ना सावली, नुसते पांढरे खांब. त्यात तुझी गोष्ट. जिंकून घरी येणारा मुलगा पांढरं शीड लावायला विसरला, काळं शीड बघून बापाला वाटलं मुलगा गेला, आणि त्याने समुद्रात उडी टाकली. बाबा काय म्हणाले, आठवतं? "अरेरे. विसरलं असेल रे पोर."

मग आपल्या दोघांची जुंपली. बाबांनी कोणाकडे राहायचं, यावरून, आणि तेही त्यांच्या देखत. ते उठून गेले. देऊळ म्हटल्यावर बूट काढणारच ना ते? तापलेल्या दगडांवरून अनवाणी प्रदक्षिणा घालत राहिले. शुगरमुळे त्यांच्या तळव्यांना काही कळत नाही, हे तुलाही माहीत होतं. पाचव्या फेरीला कोणा परक्या बाईने ओरडून दाखवलं, तेव्हा आपण वळलो.

भाजलेलं चिघळलं, उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. आणि तू त्या बाईला लिहून विचारतोस, बूट काढू कोणी दिले?

हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, कुठे काढले माहीत नाही. तुलाही तेच सांगितलं. खोटं आहे ते. बूट बाबांनी माझ्या हातात दिले होते. "धर गं जरा, दर्शन घेऊन येतो." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बूट घेतले आणि तुझ्याशी भांडत राहिले. सगळा वेळ ते माझ्या हातात होते रे. तुझ्या नाकासमोर होते. तू तरी कुठे बघत होतास?

काल ड्रेसिंग करताना नर्सने पुन्हा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच बसमध्ये विसरलो." वार आठवत नाही त्यांना. पण माझा हात दाबला.

सोमवारच्या कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मी खरं सांगणार आहे. त्यावर त्यांना माझ्याकडून नेलं तर नेलं. तूही ये, आणि तुझ्या वाटचं तू सांग. तुझी माफी मी मागत नाही. मागायची ती त्यांची, आणि दोघांनी.

बाबा रोज विचारतात, "शिनू का नाही आला?" मग स्वतःच म्हणतात, "विसरलं असेल पोर."

सोमवार, सकाळी दहा. विसरू नकोस.

अजून रागावलेली,
तुझी ताई