फ्रिजच्या दारातले थेंब

आई, तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे कारण पुरेसं होतं. आज लिहिते, कारण आपल्या धाकट्याच्या उजव्या डोळ्याबद्दल जे सांगायचं आहे ते जिवंत माणसांपैकी कोणाला सांगण्याची हिंमत माझ्यात नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो निमगाव सावाला बांधावरची बाभूळ छाटत होता. फांदी उसळली आणि काटा डोळ्यात गेला. त्याने तो स्वतःच उपसला. दोन दिवसांनी कामासाठी जुन्नरला आला, तेव्हा माझ्याकडे डोकावला. डोळा लालभडक. "लई न्हाई आक्का, नुसतं टोचलंय," म्हणाला. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब फ्रिजच्या दारात होते. औषध टाकून देणं मला जमत नाही, ते तुझंच वळण. त्याला खुर्चीत बसवलं, "हलू नकोस" म्हणून दटावलं, थेंब घातले आणि बाटली त्याच्या खिशात कोंबली. चार दिवसांत लाली गेली. फोनवर हसत म्हणाला, "आक्का, तू डाक्टरच व्हायला पायजे व्हतीस." मला बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याला त्या डोळ्यापुढे धूर दिसायला लागला. मी त्याला पुण्याला नेलं. काट्याबरोबर बुरशी आत गेली होती आणि आतल्या आत वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब कोणते घातले? स्टेरॉइडचे असले तर वरची लाली जाते आणि आत बुरशीचं फावतं." धाकटा पटकन म्हणाला, "मेडिकलमधून आनले व्हते." माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मी त्याची फाइल छातीशी धरून शेजारीच उभी होते. मग ऑपरेशन करून डोळ्यातला गढूळ भाग काढला, बुरशीवरचं इंजेक्शन थेट डोळ्यात दिलं, आठवड्याने पुन्हा दिलं. दीड महिना गोळ्या. प्रत्येक खेपेला मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी ते म्हणाले, "डोळा काढावा लागला नाही, हेच खूप. आधी आला असतात तर नजरही बरीच राहिली असती." आता त्याला त्या डोळ्याने समोर हलणारा हात कळतो. बोटं मोजता येत नाहीत.

तेव्हापासून मला आपला ओटा दिसतो. कापणीचे दिवस आहेत. डोळ्यात कुसळ गेलेल्या बायका तुझ्याकडे येतात. तू चूळ भरतेस, पापणी उलटतेस आणि जिभेच्या टोकाने कुसळ उचलतेस. मी कॉलेजातून सुटीला आलेली. "आई, बंद कर हे, जंतू असतात," असं मी तुला चारचौघींत सुनावते. तू पुढचीला जवळ बोलावतेस. त्याच दुपारी मेंढरं राखणारी एक बाई येते, डोळ्याला बाभळीचा काटा लागलेला. तू पापणी उघडून बघतेस आणि हात मागे घेतेस. "बुबुळाला लागलंय. मी हात लावनार न्हाई. आत्ताच्या येष्टीनं पुन्याला जा." ती रडते, "तुमीच काडा वं." तू तिची पिशवी उचलून तिच्या हातात देतेस. मला वाटतं, तू घाबरलीस. तसं मी तुला म्हणतेसुद्धा.

काल निमगावला गेले होते. धाकट्याची बायको चहा ओतता ओतता पेटली. "उद्या त्या मेडिकलवाल्याला भर बाजारात धरते. मान्साचा डोळा घालवला मुडद्यानं!" धाकटा दारात कांदे निवडत होता. त्याने मान वर केली नाही. मी म्हणाले, "जाऊ दे. भांडून नजर परत येणार आहे का?" तिने चहाचं भांडं खाली ठेवलं. "वन्सं, तुमी शिकलेल्या. तुमी म्हनताय तर न्हाई जात."

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. आई, मी तिला शहाणपणाने अडवलं नाही. ती गेली असती तर दुकानदार म्हणाला असता, "मी थेंब दिलेच नाहीत."