मावशीची कादंबरी

प्रिय मावशी,

"संपादकांना तुझी कादंबरी फार आवडली," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तू आनंदाने रडलीस. आमच्या प्रकाशनात संपादकच नाही गं. पैसे भरू शकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच ऐकवत आलो. भाचाच तिथे आहे म्हणून तू छपाईचे पैसे भरायला निर्धास्तपणे शिलाई मशीन विकलंस. तुझं पुस्तक एकाही दुकानात गेलं नाही.

काल मी एका पत्रकाराला सगळं सांगितलं. उद्या पेपरात येईल. मग आज पहिल्यांदाच तुझं पुस्तक उघडलं. त्या दोन जावांच्या भांडणाला पोट धरून हसलो. मावशी, फार सुंदर लिहिलंयस! पण माझ्या तोंडून हे आता तुला खरं कसं वाटेल? हे पत्र पाकिटात घालायचं धाडस होत नाही.

तुझा लबाड भाचा