लोखंडाचे नाव न घेतल्याबद्दल नापास

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
बहिःशाल व दूरशिक्षण विभाग,
परिचारिका महाविद्यालय, प्रांत मुख्यालय.

विषय : तोंडी परीक्षेतील 'अनुत्तीर्ण' व 'गैरप्रकार' हे शेरे रद्द करून, यंत्राऐवजी माणसासमोर परीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या यंत्राने पाठवलेले दि. ४ व १८ जुलैचे संदेश. (दोन्हींवर कोणाची सही नाही.)

महोदय,

मी खाली सही करणारी, तिसऱ्या वर्षाची बाहेरून शिकणारी विद्यार्थिनी, सविनय अर्ज करते की,

१. माझे पती रशियात बांधकामावर असून मी सासऱ्यांसोबत उन्हाळी कुरणावर मेंढरांमागे असते. प्रवेशाच्या वेळी आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या होत्या, "घरबसल्या शिका, काही त्रास नाही." कोणाच्या घरी बसल्या, हे विचारायचे राहून गेले. आमच्याकडे रेंज फक्त खिंडीतल्या मोठ्या दगडापाशी येते. तंबूपासून तिथवर घोडीवरून तास लागतो. सासरे मला नेतात, आणि वारा फार म्हणून कॅमेऱ्यामागे फोन धरून उभे राहतात.

२. दि. ४ जुलै रोजी ओळख तपासणाऱ्या यंत्राने पूर्ण नाव मोठ्याने उच्चारण्यास सांगितले. माझे आडनाव सासऱ्यांच्या नावावरून आहे. सून सासऱ्यांचे नाव घेत नाही, त्या अर्थाचा शब्दही तोंडी आणत नाही, हे आपणास सांगायला नको. आपल्याही घरी सून असेल. त्यात नावाचे धनी समोर उभे. मी "उमसुनाय, थोरल्यांच्या घरची" एवढेच म्हणाले. 'ओळख पटली नाही' असा शेरा आला. तरी फोनच्या पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी मेहेरबानी म्हणून एक प्रश्न विचारला : गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी असल्यास तिला काय द्यावे? माझे नशीब असे की सासऱ्यांचे नाव हेच त्याचे उत्तर. घरात आम्ही सुना त्या धातूला 'काळं' म्हणतो. मी म्हटले, "काळं द्यावं." बाई हसल्या. "काळं काय, चहा?" म्हणाल्या आणि शून्य दिले.

३. या उत्तराबाबत नम्रपणे कळवते की माझी थोरली जाऊ बुरुलाय चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हते. तिची नखे पांढरीफटक पडली होती. मी ती रोज पाहत होते, आणि मला त्याचा अर्थ कळत नव्हता. गोळ्या गावच्या दवाखान्यातल्या कपाटात होत्या, पण परिचारिका नाही म्हणून दवाखान्याला कुलूप. तिला पुरून आल्यावर सासरे मला म्हणाले, "पोरी, तू शीक. आणखी एक सून पुरायची माझ्यात ताकद नाही." माझा प्रवेशअर्ज त्यांनीच शहरात नेऊन दिला.

४. दि. १८ जुलैच्या फेरपरीक्षेला सासरे म्हणाले, "मी ओढ्यापलीकडे जातो. बोंबल माझं नाव खुशाल, मला कुठं ऐकू येतंय!" मी नाव घेतले. यंत्र म्हणाले, आवाज अस्पष्ट. पुन्हा घेतले, पुन्हा अस्पष्ट. मग बेंबीच्या देठापासून ओरडले. लग्नाला सहा वर्षे झाली, ते नाव माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाले, आणि दरीभर घुमले. सून नावाने हाक मारते म्हणजे तसाच प्रसंग गुदरला असणार असे समजून एकाहत्तर वर्षांचा तो माणूस घोडी पिटाळत वर आला. "काय झालं पोरी, कुठं लागलं?" हे त्यांचे वाक्य आपल्याकडे नोंदलेले आहे. त्यावर शेरा असा : 'परीक्षास्थळी दोन अनधिकृत व्यक्ती. बाहेरून मदत.' पैकी दुसरी व्यक्ती घोडी आहे. राहता राहिली बाहेरची मदत. महोदय, मी सासरी बाहेरून आले, आपल्याकडे बाहेरून बसले. मदत आतून यावी असा नियम असल्यास, आत कोण असते तेवढे कळवावे.

५. ऑगस्टअखेर परवानाधारक परिचारिका न मिळाल्यास आमचा दवाखाना कायमचा बंद होणार आहे. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. मी तिची नखे रोज पाहते. आता मला त्यांचा अर्थ कळतो.

तरी माझी परीक्षा माणसाने समोर बसवून घ्यावी. मी नाव घेईन, म्हणाल तितक्यांदा घेईन. सासऱ्यांची परवानगी आहे.

नम्र राहण्याचा अजून प्रयत्न करणारी,

उमसुनाय तेमिरोवा
(आडनाव सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.)

दि. २ ऑगस्ट

सोबत :
१. दोन्ही संदेशांच्या नकला.
२. घोडीचा फोटो, ओळख पटवण्यासाठी.
३. सासऱ्यांचा जबाब, त्यांच्याच अक्षरात : "माझं नाव तेमिर. तेमिर म्हणजे लोखंड. माझ्या सुनेला उत्तर येत होतं, माझी अब्रू राखायला तिनं ते गिळलं. नाव घेतल्यानं मी झिजलो नाही. साहेब, कपाटाची किल्ली द्या तिला."