गवताच्या मशीनचा हट्ट

तीर्थरूप बाबांना,

धाकट्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा नमस्कार नव्हे. गेले काही दिवस मी तुमच्या मशीनपुढे खरोखरच आडवा पडलेलो आहे, ते पुढे येईलच.) खुब्याचं दुखणं कसं आहे? ताईंकडे सगळी बडदास्त असली, तरी तिसरा मजला म्हणजे तुम्हाला पिंजराच, हे मी जाणतो. मी करून दिलेली कवळी अजून खिशातच असते, असं कळलं. माझ्या कवळ्या लावून लोक कच्चे पेरू खातात, सासऱ्यांच्या खिशात मात्र त्या झोपा काढतात. असो.

पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही "ठीक आहे" म्हणता आणि फोन ताईंच्या हातात देता. गेल्या आठवड्यात मात्र "गवताचं मशीन भंगारात देऊन टाका, आता कोण बसणार त्याच्यावर?" एवढं लांबलचक बोललात, आणि ते ऐकून तुमची लेक स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी राहिली. थोरले जावई तर टपूनच बसलेले. त्यांनी लगोलग भंगारवाल्याला रविवारी बोलावलं. आज मशीन जाईल, उद्या अंगण, मग घर, आणि तुम्ही कायमचे तिसऱ्या मजल्यावर. तेव्हाच मी ठरवलं, की काही झालं तरी रविवारच्या आत मशीन सुरू करायचं आणि सगळं गवत कापायचं. (गवत इतकं माजलंय, की शेजारचं मांजर आत शिरलं की दिसत नाही, नुसते शेंडे हलतात.)

तुमच्या त्या बुटक्या ट्रॅक्टरसारख्या मशीनची चावी फिरवली. घरघर नाही, खरखर नाही, रुसलेल्या माणसाचा हुंकारसुद्धा नाही. तुम्हाला फोन केला, तर "ब्रेक दाबा, पात्यांचा दांडा खाली ठेवा, चावी फिरवा," एवढं बोलून फोन ताईंकडे! मी शब्दन् शब्द पाळला. ढिम्म. मग बॅटरी काढली, तिच्या टोकांवर चढलेला पांढरा थर कवळ्या घासायच्या ब्रशने घासून काढला (असे दात मी गिऱ्हाइकांचेही चमकवलेले नाहीत), रात्रभर चार्जिंगला लावली. ढिम्म. फ्यूज बदलला, वायर न् वायर तपासली, शेवटी शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीची बॅटरी मागून आणली. बिचाऱ्या दवाखान्यात पायी गेल्या, मशीन जागचं हललं नाही. मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, घेऊन या. जे सुरूच होत नाही ते घेऊन कसं यायचं, हे विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता. पण मीही हट्टाला पेटलो होतो. कवळी बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाचा जबडा बदलता येत नाही, घासत राहावंच लागतं.

आता हे सगळं मी कोणत्या अवस्थेत करत होतो, तेही सांगतो. सीटवर तुमची गादी आणि गादीवर तुमची टोपी, तुम्ही पडलात त्या दिवशी ठेवलीत तशीच. तुमची लेक रोज तिच्यावरची धूळ झटकते आणि पुन्हा तिथेच ठेवते. मोठ्यांच्या जागेवर बसू नये, हे माझ्याही हाडीमाशी भिनलेलं. तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून एका हाताने ब्रेक दाबायचो आणि दुसरा हात वर करून चाचपडत चावी फिरवायचो. डॉक्टरीणबाईंनी कुंपणावरून हे पाहिलं आणि कंबरेसाठी गोळ्या पाठवून दिल्या.

शनिवारी संध्याकाळी तुमची लेक बाहेर आली. "पुरे झालं आता. जाऊ द्या ते भंगारात. बाबांनीच सोडलं म्हटल्यावर आपण कशाला धरून बसायचं?" असं म्हणाली, टोपी उचलून छातीशी धरली आणि मटकन सीटवर बसून रडायला लागली. अशा वेळी नवऱ्याने उठून समजूत घालावी. पण मी पालथा होतो, एक हात ब्रेकवर, दुसरा चावीवर, आणि हाताला सवय लागलेली. फिरवली. मशीन असं काही धडधडलं, की मी दोन्ही हात सोडले, ती किंचाळून उठली आणि मशीन गप्प. तिला पुन्हा बसवलं, सुरू. उठवलं, बंद. सीटखाली डोकावलो, तर तिथे एक बटण! सीटवर माणूस असल्याशिवाय ते इंजिनाला हूं की चूं करू देत नाही. तुम्हाला हे ठाऊकच असणार, पण मशीनवर बसून चावी फिरवा, हे कोण कुणाला सांगतं?

तर मशीन ठणठणीत आहे, गवत कापणं सुरू आहे, काळजी नसावी. तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा जावई

ता. क. भंगारवाला येऊन गेला. मशीनचे मालक येईपर्यंत काही देता येत नाही, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. थोरल्या जावयांनी विचारलं, तर मला सांभाळून घ्या.

आणखी ता. क. गवत कापणं सुरू आहे, हे साफ खोटं. पातंसुद्धा फिरलेलं नाही. तुमची लेक म्हणते, बाबांची जागा आहे, मी चुकून बसले. माझंही धाडस होत नाही. तेव्हा मी बसू का, एवढं कळवा, हे विचारायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं. पण आज तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना गाठलं. चालायला अजून वेळ आहे, पण बसायला काही हरकत नाही, म्हणाले. आणि मशीन तरी बसण्यापलीकडे तुमच्याकडे काय मागतंय? लेकीने गादी उन्हात घातली आहे. उत्तर लिहू नका, मी घ्यायला येतोय. कवळी लावून बसा.