डाव्या बाजूचे दोर

४ फेब्रुवारी, मंगळवार

उजवीकडे तीन दोर, डावीकडे दोन. संध्याकाळी साडेसात वाजता, चष्मा लावून, दोनदा मोजून लिहितो आहे. ताप नाही. कोणतंही औषध चालू नाही.

एवढ्या शपथेवर लिहिण्याचं कारण – काल टेबलावरून उठलो तेव्हा उजवीकडे दोन होते, डावीकडे एक. दुसरा डावा आज बांधायचा होता. कचेरीतून आलो, मागच्या खोलीत गेलो, जहाजावरचं फडकं काढलं, तर डावीकडे दोन. ताणलेले, नेटके. (उजवा तिसरा मी आत्ताच बांधला, तो आठवतो.) मी बांधला म्हणावं तर आठवत नाही. मी नाही म्हणावं तर जहाज स्वतःचे दोर स्वतः बांधत नसतं.

मागच्या आठवड्यातही एकदा असंच वाटलं होतं. तेव्हा मोजण्यात चूक झाली म्हणून स्वतःला सोडून दिलं. आज ती सबब फेटाळली. म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी, बुधवार

उजवीकडे तीन, डावीकडे तीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वही धीर द्यायला घेतली होती. ती साक्षीदार निघाली – आणि तीही फिर्यादीची.

नीट लिहावं. नीट लिहिलं की भीती थोडी ओळीत बसते.

जहाज लेकीनं पाठवलेलं. "बाबा, निवृत्त व्हायच्या आधी हाताला काहीतरी चाळा लावून घ्या, नाहीतर आईचं डोकं खात बसाल." खोक्यात लाकडाच्या पट्ट्या, सुताची रिळं, तीन डोलकाठ्या आणि एक माहितीपत्रक. भाषांतर करणाऱ्यानं त्यात सूड उगवलेला – ‘दोरास आदराने ताणावे.’ आठ महिने पट्ट्या भिजवल्या, वाकवल्या, चिकटवल्या. आता दीड हात लांबीचं जहाज टेबलावर उभं आहे आणि पहिल्या डोलकाठीचे दोर चालू आहेत. काठीच्या टोकापासून जहाजाच्या दोन्ही कडांपर्यंत, दर बाजूला पाच. ते जोडीनं बांधायचे. एक उजवा बांधला की लगेच त्याचा डावा, नाहीतर काठी कलते. मी उजवा बांधतो आणि डावा उद्यावर टाकतो. आळस, दुसरं काही नाही. काठी रात्रभरात कलून कलून किती कलणार?

तर ते डावे. आज भिंग घेऊन बसलो. माझी गाठ म्हणजे चिखलात पडलेला कोळी – वर डिंकाचा थेंब, थेंबावर धूळ. डावीकडच्या गाठींना डिंक नाही. तीन वेढे, एकाला एक चिकटून, दोन्ही टोकं सारखी कापलेली. अशी गाठ मला येत नाही. म्हणजे येते, पण मला माहीत नाही की येते. हे जास्त वाईट.

सिस्टरला सरळ विचारलं. (बायकोला सिस्टर म्हणणारा मीच एकटा नवरा असेन. पण अख्खी गल्ली म्हणते, डॉक्टर म्हणायचे, लेकही चिडवताना म्हणते. मी कुठे वेगळा पडू?)

"माझ्या जहाजाला हात लावलास का गं?"

"मी? एक दोरा इकडचा तिकडे झाला तर जन्मभर ऐकवाल. मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

विषय संपला. तिनं तेहतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत काढली. पोट शिवायच्या आधी चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे मोजायचं काम तिचं. मोठमोठे सर्जन हात वर धरून उभे राहायचे, सिस्टरनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय टाका पडायचा नाही. तेहतीस वर्षांत एक बोळा चुकला नाही. ती ‘नाही’ म्हणाली म्हणजे नाही.

उरलो मी.

आज मुद्दाम उजवा चौथा बांधला आणि डावा सोडला. आमिष.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमिष खाल्लं. डावा चौथा बांधलेला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दिवसभर घरी. दोर वाढला नाही. म्हणजे मी स्वतःवर नजर ठेवली की मी बांधत नाही. चोरही असाच वागतो.

दादाची आठवण काढायची नाही असं ठरवलं होतं. काढतोच. त्यालाही असंच, साठीच्या अलीकडे सुरू झालं. आम्ही दोघे भाऊ काकांसमोर मांडी घालून संस्कृत शिकलो. चुकला की त्याला एक छडी आणि हसल्याबद्दल मला दोन. शेवटच्या वर्षी त्यानं वहिनीला दारात उभं करून अदबीनं विचारलं, "आपलं कोणाकडे काम आहे?" वाक्य निर्दोष होतं. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

आज परीक्षा म्हणून ‘नदी’ शब्द चालवून पाहिला. आठही विभक्त्या, तिन्ही वचनं, एक अडखळण नाही. दोन मिनिटं छाती फुगली. मग आठवलं, दादाही चालवायचा. वहिनीचं नाव गेलं, ‘नदी’ गेली नाही. म्हणजे ही परीक्षा कुचकामी. जे सगळ्यात शेवटी जातं ते शाबूत आहे का, हे पाहून काय उपयोग?

दुपारी आणखी एक. सिस्टर म्हणाली, "नळवाला येऊन गेला आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?" मी सांगितलं होतं. ती डब्याचं झाकण लावत होती, मी दारात होतो, ती म्हणालीसुद्धा, "सुटलो एकदाचे." हे सगळं मला दिसतं आहे. पण ती म्हणते सांगितलं नाही. म्हणजे मला न घडलेलंही दिसायला लागलं. माफी मागितली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर, "बाबा, आई म्हणत होती तुम्ही हल्ली सगळं विसरता."

"बापाला वयाचा मान द्यायचा असतो. थोडं विसरलं नाही तर लोक नावं ठेवतात."

हसली. म्हणजे सिस्टरच्या लक्षात आलं आहे. माझ्याशी न बोलता लेकीशी बोलली. मीही दादाबद्दल वहिनीशी न बोलता दुसऱ्यांशीच बोलायचो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी निघताना मोजले – उजवे पाच, डावे चार. संध्याकाळी – पाच, पाच. पहिली डोलकाठी पूर्ण झाली. अभिनंदन कोणाचं करावं?

पण मग दिवसा झालं. आणि दिवसा मी कचेरीत होतो, तक्रारींना उत्तरं लिहीत. विमा कंपनीवर रागावलेल्या माणसांना शांत करणं हा माझा पोटाचा धंदा. एकवीस वर्षं ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे’ असं कळवतो आहे. फक्त जेवणाच्या सुट्टीत फिरायला जातो. एकटा. पाऊण तास. घर वीस मिनिटांवर आहे.

हे लिहिताना पेन खाली ठेवावं लागलं.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी दुपारी कधी घरी येतो का गं?"

ती जेवता जेवता थांबली. "आज तरी नाही आलात," म्हणाली.

आज तरी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग, "आत्ता कोणतं साल चालू आहे?"

"कोणत्या कालगणनेनं?"

"काका, सरळ सांगा."

सरळ सांगितलं. पाचही शब्द आले. घड्याळाला तिनं ‘छान’ म्हटलं, शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी कधी म्हटलं नव्हतं. मग खुर्ची मागे सारून म्हणाली, "एक सांगू? ज्यांना खरंच विस्मरण होतं ते सहसा असे एकटे, वेळेवर, यादी घेऊन येत नाहीत. त्यांना घरचे घेऊन येतात. त्यांना स्वतःला पत्ताच नसतो."

धीर द्यायला म्हणाली. पण तिनं दोर पाहिलेले नाहीत. मी तिला सांगितलेच नाहीत. इतक्या चांगल्या गुणांवर कोण पाणी ओतणार?

मागच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी, असं परतताना मनात आलं. लावलं नाही. कुलूप असताना दोर बांधला गेला तर? घाबरट माणसाला पुरावा नको असतो, त्याला फक्त शंका हवी असते. शंकेत थोडी जागा असते बसायला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मधल्या डोलकाठीचा पहिला उजवा मी बांधला. पहिला डावा बांधला गेला.

लेकीला या आठवड्याचं पत्र गेलं नाही. काय लिहू? ‘जहाज वेगानं पुढे चाललं आहे’?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

देवा, किती हलकं वाटतंय. क्रमानं लिहितो, नाहीतर नाचेन, आणि खालचे भाडेकरू तक्रार करतील, आणि उत्तर मलाच लिहावं लागेल.

कचेरीतली वीज गेली. दीड वाजता साहेब म्हणाले, जा घरी. दोनच्या सुमाराला दार उघडून आत आलो. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. फटीतून पाहिलं.

सिस्टर. माझ्या खुर्चीत, पाठ ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर. डाव्या हातात माझा चिमटा, सुताचं टोक ओठांत. एका हातानं वेढा टाकला, ओढला, दुसरा टाकला, ओढला. माझ्या अर्ध्या तासाचं काम अर्ध्या मिनिटात. टोकं कापली, कात्री बरोबर होती तिथे ठेवली, कात्री-चिमटा-रीळ यांच्यावरून एकदा बोट फिरवलं, हिशेब लागला. पुटपुटली, "बरोबर." फडकं घातलं.

मी उलट्या पावली जिन्यात आलो. रुमाल तोंडात कोंबून हसलो. हसता हसता डोळे पुसले, ते वेगळं.

कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि एकेक आरोप स्वतःच्या नावावरून खोडत गेलो. डाव्या गाठी – तिच्या. तेहतीस वर्षं स्वच्छ टाके पाहिलेल्या बाईला माझे कोळी कसे सोसवणार? ‘मी हात लावला नाही’ – नाटक. नळवाला – मी सांगितलं होतं, नक्की सांगितलं होतं! ‘आज तरी नाही आलात’ – वा, काय चेहरा ठेवला होता. लेकीलाही कटात ओढलेलं. दोन आठवडे बाईनं मला देशोधडीला लावलं आणि ओठ हलू दिला नाही. हिनं नाटकात जायला हवं होतं.

नेहमीच्या वेळी परत आलो.

"आज किती तक्रारी?" तिनं विचारलं.

"एकही नाही," म्हटलं.

काही बोललो नाही. उद्या सकाळी रंगेहाथ पकडायची. वाक्य तयार आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चहा झाल्यावर हाताला धरून तिला टेबलापाशी नेलं. फडकं उचललं. म्हटलं, "सिस्टर, चोरी पकडली गेली आहे."

ती वाकली. डावीकडचे दोर एकेक करून बोटानं मोजले. चष्मा पदराला पुसून पुन्हा मोजले.

"काय सुरेख बांधलेत हो," म्हणाली. "तुमचा हात इतका कधी बसला?"

मी तिच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. बराच वेळ शोधली.

"तुम्हीच ना?" तिनं विचारलं. माझी बाही धरली होती.

"हो," म्हटलं. "मीच."